कोशाचा पोत आणि अनुस्वाराचा ठिपका

बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे 'पातळ' आहे का 'पातळं'?"

"पातळ," मी म्हटलं. "एकच आहे. 'कोशाचं पातळ पहिल्यांदा धुताना' असं वाक्य आहे ते."

"मग अनुस्वार कशाला दिला?"

मी दिला नव्हता. मजकुराची फाइल उघडून पाहिली, तिथेही नव्हता. मग फोन हातात घेऊन स्क्रीन मोठी केली, तेव्हा कळलं. मागच्या कापडाच्या पोतातली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, एक गाठ, जेमतेम दोन पिक्सेलची, नेमकी 'ळ'च्या डोक्यावर येऊन बसली होती. बाबा बत्तीस वर्षं नागपुरातल्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते. त्यांच्या नजरेला तो ठिपका अनुस्वार म्हणूनच दिसणार. आणि खरं सांगायचं तर तो अनुस्वारच होता. वाचणाऱ्याला काय दिसतं तेच छापलेलं असतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले आहे.

या एका ठिपक्यामुळे माझं दोन महिन्यांचं काम मला पुन्हा मांडावं लागलं. ते काम म्हणजे वेबसाइटची बॅकग्राउंड. एक छोटा चौकोन, जो आडवा-उभा कितीही वेळा मांडला तरी सांधा दिसू नये. याला आम्ही सगळे सीमलेस टाइलच म्हणतो, मीही तेच म्हणते. मराठीत यावर कुणी फारसं लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काम होतं नागपूरच्या गांधीबागेतल्या एका साड्यांच्या दुकानाचं. दुकान मालकांच्या, म्हणजे काकांच्या, आजोबांनी सुरू केलेलं. पांढऱ्या गाद्या, भिंतीला लाकडी कपाटं, आणि एका कपाटात फक्त करवती किनार. काकांनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला आणि भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीकडच्या मागावरचं एक पातळ माझ्यापुढे उलगडलं. "ताई, दुकानात आल्यावर माणूस पहिले कापडाला हात लावते. भाव मंग विचारते. तसं वाटलं पाहिजे त्या वेबसाइटवर." मी हात लावला. कोसा बोटाला खरखरीत लागतो, पण टोचत नाही. मधाचा रंग. तो रंग दिलेला नसतो, किड्याच्या कोशाचाच असतो. पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर हे किडे वाढतात. त्या कोशाचा धागा कधी एकसारखा निघत नाही, मध्येमध्ये जाड होतो, गाठ येते. काकांच्या म्हणण्याप्रमाणे गिऱ्हाईक ती गाठ पाहूनच माल खरा आहे हे ओळखतं.

म्हणजे मला ती गाठ दाखवायची होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्या गाठीशीच आहे.

बॅकग्राउंडला चित्र लावायची सोय ब्राउझरमध्ये १९९५ साली आली, नेटस्केपच्या १.१ आवृत्तीत. मी सीताबर्डीच्या एका सायबर कॅफेत पहिल्यांदा वेबसाइट पाहिल्या तेव्हा त्यांच्यामागे ढग, संगमरवर, विटांची भिंत असं काहीही असायचं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, मोठं चित्र उतरायला चार-पाच मिनिटं जायची, म्हणून एक इवलासा चौकोन पाठवायचा आणि ब्राउझरनं तोच पानभर मांडायचा. पुढे २०१३मध्ये ॲपलचं आयओएस ७ आलं, स्क्रीनवरची कापडं आणि चामडी गेली, आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पांढरंशुभ्र पान मागू लागला. दहा वर्षं मी पोताला हात लावला नव्हता. काकांनी कापड उलगडलं आणि मला पुन्हा करावंसं वाटलं.

महालातल्या आमच्या जुन्या घरात सिमेंटच्या रंगीत फरश्या होत्या. एका फरशीवर फुलाचा फक्त पाव भाग. चार फरश्या फिरवून जोडल्या की पूर्ण फूल. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी गार फरशीवर पालथं पडून मी ते सांधे बोटानं चाचपत असे. एकच नक्षी सपाटीवर पुन्हापुन्हा मांडण्याच्या मूळ पद्धती सतराच आहेत, अठरावी नाही. फेदोरोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं हे १८९१ साली सिद्ध केलं. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये टाइल केलेले क्लोन, म्हणजे नक्षीच्या प्रती, करायच्या खिडकीत त्या सतराही पद्धतींची यादी आहे. मला ती यादी उघडली की आमच्या ओसरीतली फरशी आठवते.

पण फरशी साच्यात पाडतात आणि कापड विणतात, त्यामुळे कापडाचे हट्ट वेगळे असतात.

पहिला फोटो मी घरात खिडकीजवळ काढला. डोळ्याला कापड एकसारखं दिसत होतं. टाइल करून मांडलं तर पानभर बुद्धिबळाचा पट. खिडकीकडची बाजू थोडी उजळ, दुसरी थोडी गडद. एका तुकड्यात तो फरक जाणवत नाही, पण उजळ कड गडद कडेला येऊन भिडली की सांधा ओरडून सांगतो. मग मी प्रतापनगरच्या आमच्या गच्चीवर गेले, मे महिन्यात, दुपारी बाराला. उजेड सगळीकडे सारखा होता हे खरं, पण त्या उन्हात प्रत्येक धाग्याची काळी सावली पडली आणि कोसा गोणपाटासारखा दिसायला लागला. शेवटी जुलैपर्यंत थांबले. ढग भरून आलेले, पाऊस अजून यायचा होता, आईनं वाळत घातलेले कपडे काढायची घाई चाललेली, आणि तेवढ्या वीस मिनिटांत मला हवा तो फोटो मिळाला. सगळीकडून सारखा, मऊ उजेड. तेवढी वाट पाहता येत नसेल तर गिम्प या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये एक उपाय आहे. त्याच फोटोची प्रत घ्यायची, ती खूप धूसर करायची, इतकी की धागे दिसेनासे होतील आणि फक्त उजेडाचा चढउतार उरेल. ती प्रत वर ठेवून मोड 'ग्रेन एक्स्ट्रॅक्ट' करायचा. उजेड वजा होतो, खाली करड्या रंगात नुसती वीण उरते, आणि मग तिला मधाचा रंग परत द्यायचा. हे चालतं. पण जुलैचे ढग जास्त चांगले.

आता सांधा. रीत जुनीच आहे: चौकोनाचे मनानं चार तुकडे करायचे आणि त्यांची अदलाबदल करायची, म्हणजे बाहेरच्या कडा मधोमध येतात. फोटोशॉपमध्ये आणि गिम्पमध्येही याला ऑफसेटच म्हणतात, अर्धी रुंदी, अर्धी उंची. बाहेरच्या कडा आता आपोआप जुळलेल्या असतात, कारण त्या मुळात शेजारी-शेजारीच होत्या. उरतो तो मधला अधिकचिन्हासारखा सांधा, तो हातानं मिटवायचा. गिम्पमध्ये 'टाइल सीमलेस' नावाची एका झटक्यात काम करणारी आज्ञाही आहे. ती कडा एकमेकांत विरघळवते. ढगाला, वाळूला, जुन्या कागदाला ठीक. कापडावर तिनं केलं काय, तर एका धाग्यातून दुसऱ्या धाग्याचं भूत आरपार दिसायला लागलं. कापडाशी असं वागू नये.

मी हातानं बसले. तरीही एक बारीक उभी रेघ जाईना. दोन रात्री गेल्या. मग कंटाळून मी धागे मोजले. चौकोनात उभे धागे एकसष्ट होते. साधी वीण म्हणजे एक वर, एक खाली. एकसष्टावा धागा 'वर'चा आणि पुढच्या चौकोनाचा पहिलाही 'वर'चा, दोन 'वर' शेजारी आले की मागावर ज्याला चूक म्हणतात तीच ती. धागे सम हवेत, आडवेही आणि उभेही. एक धागा कमी करून साठ केले आणि रेघ गेली. आजही मला त्या क्षणाचा आनंद सांगता येत नाही. ब्रशनं मिटत नव्हती ती गोष्ट मोजल्यावर मिटली.

काठाचं गणित आणखी वेगळं. करवती किनार म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ. ती आडवा धागा, म्हणजे बाणा, नेणाऱ्या तीन धोट्यांनी विणतात. अंगाच्या कोशाचा एक धोटा, दोन काठांचे दोन. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकतात, आणि त्या अडकण्याच्या पायऱ्यांतून दाते तयार होतात. माझ्या फोटोत चाळीस दात्यांची लांबी ३८०८ पिक्सेल भरली, म्हणजे एक दाता ९५.२. एक दाता कापून तोच मांडला तर दर वेळी शून्य पूर्णांक दोनची चूक साठत जाते, आणि शिवाय काठ छापल्यासारखा दिसतो. हातमागावर एकही दाता दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून पाच दाते घेतले, ४७६ पिक्सेल, ते किंचित ताणून ४८० केले. पाच वेगळे दाते, पाचही खरे.

४८० का, हे सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. पानावर मी तो तुकडा २४० पिक्सेलच्या मापात दाखवते. स्वस्त-महाग फोनांच्या स्क्रीनचं गुणोत्तर, म्हणजे पानावरच्या एका पिक्सेलला स्क्रीनचे किती पिक्सेल लागतात ते, वेगवेगळं असतं, कुठे १.५, कुठे २, कुठे २.६२५, कुठे २.७५. टाइलचं माप त्यानं गुणल्यावर अपूर्णांक आला की ब्राउझर आपल्या मनानं गोळाबेरीज करतो आणि दोन टाइलांमध्ये केसाएवढी रेघ दिसते. तुमच्या लॅपटॉपवर नाही, गिऱ्हाइकाच्या फोनवर. २४०ला या चारही आकड्यांनी गुणून पाहा: ३६०, ४८०, ६३०, ६६०. सगळे पूर्णांक. शिवाय जेपेग चित्राला आठ-आठ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबतं, रंगाच्या बाबतीत बहुतेक वेळा सोळा-सोळाच्या, आणि ४८०ला सोळानं निःशेष भाग जातो. तरी कापडासाठी मी जेपेग वापरत नाही, कारण प्रत्येक ठोकळा वेगळा दाबला गेल्यामुळे कडांचे रंग किंचित फिरतात. पीएनजीत फाइल साडेतीनशे केबीच्या वर गेली, वेबपीमध्ये चाळीसच्या आत आली. तेच ठेवलं.

काठ पानाच्या डोक्यावर आडवा मांडला आणि काकांना दाखवला. त्यांनी पहिल्यांदा उजवा कोपराच पाहिला. "ताई, किनार मधातूनच कापून राहिली ना." स्क्रीन संपली तिथे दाता अर्धा तुटला होता. कापड विकणाऱ्याला अर्धा दाता सहन होत नाही, आणि बरोबरच आहे. वेबसाइटचं रूप ज्यात लिहितात त्या सीएसएसमध्ये बॅकग्राउंड-रिपीटला 'राउंड' अशी किंमत देता येते. मग ब्राउझर तुकडा थोडा आक्रसून किंवा ताणून पूर्ण संख्येत बसवतो. 'स्पेस' दिलं तर मापाला हात न लावता तुकड्यांमध्ये मोकळी जागा सोडतो, ते काठाला शोभत नाही. राउंड दिलं, दाता पूर्ण झाला, काकांनी मान हलवली.

आणि मग त्याच आठवड्यात बाबांनी तो अनुस्वार शोधून काढला.

मी आधी वाद घातला. म्हटलं, एक ठिपका. बाबा काही बोलले नाहीत, कागद घेऊन बसले आणि अख्खं पान प्रुफासारखं वाचून काढलं. अकरा खुणा. सात ठिकाणी नसलेला अनुस्वार दिसत होता. तीन ठिकाणी शिरोरेघ मागच्या आडव्या धाग्यात मिसळून अक्षरं एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती. एका जागी 'ष'च्या पोटातली तिरपी रेघच हरवली होती, 'प' दिसत होता. मुद्रणदोष एकही नव्हता. अकराही चुका माझ्या कापडाच्या होत्या.

मी बॅकग्राउंडवर जे काही वाचलं होतं ते सगळं रोमन लिपीच्या माणसांनी त्यांच्या लिपीसाठी लिहिलेलं होतं. इंग्रजी अक्षरांत ठिपका फक्त 'आय' आणि 'जे'वर असतो, आणि तो गेला किंवा एखादा जास्त आला तरी शब्द बदलत नाही. आपल्याकडे 'घर'वर ठिपका पडला की घरं होतात, 'झाड'ची झाडं होतात, 'त्यांनी'चा ठिपका गेला की आदर जातो किंवा माणसं कमी होतात. त्यांच्या अक्षरांना डोक्यावरून जाणारी रेघ नाही, म्हणून आडव्या धाग्यांचं लिनन त्यांना चालतं. आपल्या ओळीचा कणाच आडवा आहे. मागे त्याच दिशेच्या रेघा असल्या की डोळा कोणती धरावी आणि कोणती सोडावी यातच दमतो. वाचकाला कारण सांगता येत नाही, तो फक्त पान बंद करतो.

अक्षर आणि मागचा रंग यांतल्या फरकाचे नियम मी पाळले होते. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या नियमांप्रमाणे साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमीत उजेडाचं गुणोत्तर किमान ४.५ला १ हवं. मी पोताचा सरासरी रंग घेऊन मोजलं होतं, आठाच्या वर आलं होतं. पण गडद अक्षरं असली की मोजायचं ते पोतातल्या सर्वांत गडद ठिकाणाशी, कारण अक्षर तिथेच बुडतं. आणि तेवढंही पुरत नाही. गाठ किती गडद आहे हे कळलं, तरी ती किती मोठी आहे हा प्रश्न उरतोच. सोळा पिक्सेलच्या मजकुरात अनुस्वार दोनेक पिक्सेलचा. पोतातली कुठलीही खूण त्या मापाची असली की ती वाचली जाणार. एक तर ती त्याहून पुष्कळ बारीक हवी, नाही तर पुष्कळ मोठी.

त्यात आणखी एक दुखणं होतं. २४०च्या टाइलमध्ये एक ठळक गाठ असेल तर १९२० रुंदीच्या स्क्रीनवर ती आठ वेळा दिसते, एका ओळीत, दाणे पेरल्यासारखी. मग कापड खोटं वाटतं. यावर वेब डिझाइनवर लिहिणाऱ्या अॅलेक्स वॉकरनं २०११मध्ये मांडलेली एक सुंदर युक्ती आहे. अमेरिकेतले काही सिकाडा किडे तेरा किंवा सतरा वर्षांनीच जमिनीबाहेर येतात. मूळ संख्यांची आवर्तनं एकमेकांशी सहजी जुळत नाहीत. तसे पारदर्शक थर मूळ संख्यांच्या मापांत एकावर एक ठेवायचे. २९, ३७ आणि ५३ पिक्सेलचे तीन थर घेतले तर सगळं मिळून पहिल्यासारखं जुळायला ५६,८६९ पिक्सेल लागतात. इतकी रुंद स्क्रीन कुणाच्या घरी नाही. ही मापं फोनच्या अपूर्णांकांत बसत नाहीत, म्हणून विणीसाठी ती वापरू नयेत. पण विरळ गाठींच्या थरांना कडाच नसतात, कडेशी सगळं पारदर्शकच असतं, त्यामुळे तिथे सांध्याचा प्रश्न येत नाही.

तर मी वीण आणि गाठी वेगळ्या केल्या. साठ धाग्यांची वीण इतकी फिकी केली की ती दिसण्यापेक्षा जाणवावी. गाठींचे तीन थर वर वेगळे, आणि ते फक्त समासात. मजकुराच्या पट्ट्यामागे एकही गाठ नाही. तिथे आडवे धागेही जवळजवळ पुसले, उभे तेवढे ठेवले. तिरप्या रेघा देवनागरीला सर्वांत कमी त्रास देतात असा माझा अनुभव आहे, पण कोसा तिरपा केला तर तो कोसा राहत नाही, ड्रिलच्या पँटचं कापड दिसतं. ते मला काकांना दाखवायची छाती झाली नाही.

गाठी समासात गेल्या हे काकांना सांगताना मला धाकधूक होती, कारण गाठच तर दाखवायची होती. त्यांनी दुकानातलं पातळ पुन्हा उलगडलं, काठ आणि अंग पाहिलं, मग स्क्रीन पाहिली. "अंगावर लिहायची जागा साफ पाहिजे," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

आता मी टाइल तयार झाली असं कधी म्हणते ते सांगते. तिच्यावर खरा मराठी मजकूर टाकते. 'मजकूर इथे येईल' असलं काही नाही, तर अनुस्वार, रफार, 'ष', 'ध', 'घ', 'भ', 'म' भरपूर असलेला परिच्छेद. सोळा मापात, मुक्ता फॉन्टच्या नेहमीच्या वजनात. मग साध्या फोनवर, दुपारी, गच्चीच्या दारात उभी राहून वाचते, कारण गांधीबागेत येणारी बाई स्कूटर बाजूला लावून उन्हातच पत्ता शोधणार आहे. आणि मग फोन बाबांकडे देते.

परवा दिला. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले, चष्मा कपाळावर, फोन डोळ्यांजवळ. अर्धा तास काही बोलले नाहीत. मी आत पोळ्या लाटत होते, पण कान तिकडेच.

"बेटा," त्यांनी हाक मारली. "एक सापडला."

मी पिठाच्या हातानंच धावले. त्यांनी बोट ठेवलं होतं त्या ओळीत 'विणकरानी' असं लिहिलं होतं. अनेक विणकर, त्यामुळे 'विणकरांनी' हवं. मागे पोत स्वच्छ होता. ठिपका टाकायचा मीच विसरले होते.